बोट लांबली की शहाळी वाढतात

२०२२ च्या सप्टेंबरात आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी मला बोलावून विचारलं, ‘तुला नारळ सोलता येतो का?’ मी वेंगुर्ल्याची. नारळ सोलता येतो, शहाळं तासता येतं आणि नुसत्या आवाजावरून आत पाणी किती तेही सांगता येतं, असं उत्तर दिलं. मी होनोलुलूत किरणोत्सारी पदार्थांच्या मोजणीचं काम करते. तोवर माझं सगळं काम दुसऱ्यांनी आणलेल्या नमुन्यांवर चालायचं. आता नमुने आणायला मी स्वतः जायचं होतं, प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवरच्या एका वस्तीच्या कंकणद्वीपावर (मध्ये खाऱ्या पाण्याचं तळं, म्हणजे लगून, आणि भोवती प्रवाळाच्या बेटांचं कडं). माती, पाणी आणि लोक रोज खातात ते अन्न, यांत अणुस्फोटांतून आलेलं सीझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य किती उरलंय ते मोजायचं होतं.

निघण्याआधी असा प्रवास प्रत्यक्ष कसा होतो ते सांगणारं मी खूप शोधलं. शास्त्रीय निबंध ढीगभर सापडले. पण परवानग्या कुणाच्या लागतात, थांबावं किती लागतं, सोबत काय न्यायचं, लोक काय विचारतात, यातलं काहीच कुठे नव्हतं. म्हणून दीड वर्षांनी हे लिहिते आहे.

बेटाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. वस्ती काहीशे माणसांची आहे, आणि नाव लिहिलं की कुठलं झाड कुणाचं ते तिथला कुणीही सांगेल. एवढं सांगते, की ते उत्तरेकडचं आहे आणि ‘चार’मधलं नाही. १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेनं बिकिनी आणि एनेवेटाक इथे ६७ अणुचाचण्या केल्या. त्यातली सर्वांत मोठी १ मार्च १९५४ ची ‘ब्राव्हो’, १५ मेगाटनांची, म्हणजे दीड कोटी टन टीएनटी स्फोटकाएवढी, अपेक्षेच्या सुमारे अडीचपट. तिची राख राँगेलाप आणि उटिरिकवर पडली. तिथल्या लोकांना दोन-तीन दिवसांनी हलवलं. बिकिनी, एनेवेटाक, राँगेलाप, उटिरिक ही चार नुकसानभरपाईच्या करारात ‘बाधित’ म्हणून आली. पण वारा काही चार ठिकाणी थांबला नव्हता. त्या यादीबाहेरही राख कमी-जास्त पडलेली कंकणद्वीपं आहेत. तिथून कुणाला हलवलं नाही आणि तिथे पुढे मोजणीही फारशी झाली नाही. आमचं बेट त्यातलं.

शाळेत हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण आपल्याकडे त्याची दखल त्याच वेळी घेतली गेली होती. २ एप्रिल १९५४ ला, ब्राव्होनंतर महिन्याभरात, नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या थांबवण्याची मागणी केली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत मार्शल बेटांवरच्या लोकांनी स्वतः संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला. चाचण्या त्यानंतरही चार वर्षं चालू राहिल्या.

आता कागदपत्रं. आम्ही लोकांना ‘तुम्ही काय खाता?’ असं विचारणार होतो, म्हणून पहिला अर्ज विद्यापीठाच्या नीतिसमितीकडे. तो १० ऑक्टोबरला दिला. सहा आठवड्यांनी परत आला. बहुतेक शेरे भाषेबद्दल होते, पण एक वेगळा होता. ‘ज्या व्यक्तीचा नमुना घ्याल तिला निष्कर्ष कसा, कधी आणि कोणत्या भाषेत मिळेल?’ मी अर्जात लिहिलं होतं, ‘अहवाल स्थानिक प्रशासनाला पाठवला जाईल.’ समितीला ते पटलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. मी नव्यानं लिहिलं, की प्रत्येक कुटुंबाला त्यांच्या जमिनीचा निष्कर्ष मार्शलीज भाषेत, एका पानावर, हातात देऊ, आणि त्यासाठी पुन्हा बेटावर जाऊ. दुसऱ्या फेरीचे पैसे अंदाजपत्रकात नव्हते. बाईंनी एका उपकरणाच्या दुरुस्तीचे पैसे तिकडे वळवले. मंजुरी १९ जानेवारी २०२३ ला आली. असा अर्ज करणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: परत जाण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून धरा. नंतर तो कुणीही देत नाही.

दुसरा कागद माती आणण्याचा. परदेशातली माती अमेरिकेत न्यायची तर त्यांच्या कृषी खात्याचा परवाना लागतो, कारण मातीतून कीड आणि रोग येतात. माती कुठे ठेवणार, कुणाच्या हाताखालून जाणार, काम झाल्यावर ती उष्णता देऊन निर्जंतुक कशी करणार, हे सगळं लिहून द्यावं लागतं. याला दहा आठवडे लागले. परवान्याच्या प्रती पुष्कळ काढा. प्रत्येक पेटीवर एक बाहेर, एक आत आणि एक तुमच्या पाठपिशवीत. परत येताना विमानतळावर तपासनीसानं एक पेटी उघडली तेव्हा बाहेरची प्रत दमट होऊन फाटली होती. आतली होती म्हणून सुटलो.

तिसरा कागद बेटाच्या स्थानिक परिषदेचा. त्यासाठी राजधानी मजुरोला फोन, मग पत्र, मग पुन्हा फोन, असं फेब्रुवारी ते मे चाललं. चौथी परवानगी कागदावर मिळत नाही. मार्शल बेटांवर जमीन ‘वेटो’ नावाच्या पट्ट्यांत वाटलेली असते. पट्टा लगूनच्या काठापासून बाहेरच्या समुद्रापर्यंत, बेटाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जातो. हक्क आईकडून चालत येतो. प्रत्येक वेटोचा एक कारभारी असतो, त्याला ‘अलाप’ म्हणतात, आणि बऱ्याचदा ती बाई असते. अलापनं हो म्हटल्याशिवाय मूठभर वाळूही उचलायची नाही. हे मला अर्ज करतानाच कुणी सांगितलं असतं तर नकाशावर आधीच ठिपके टाकून मी चार रात्री वाया घालवल्या नसत्या.

६ जून २०२३ ला होनोलुलूहून निघालो. आम्ही तिघं होतो. पाच तासांचा प्रवास, पण मध्ये वाररेषा ओलांडतो, त्यामुळे उतरलो ७ तारखेला. मजुरोत मुख्य रस्ता एकच, एका बाजूला महासागर, दुसऱ्या बाजूला लगून, आणि काही ठिकाणी दोन्हींमध्ये फक्त रस्ता आणि एक घर. पुढच्या बेटावर आठवड्यातून एकदा जाणारं विमान बंद होतं. मग बोट. बोटीची तारीख ११ होती, ती १४ झाली, मग १७, आणि आम्ही १९ ला निघालो. खोलीचे रोजचे शंभर डॉलर जात होते. परतीचं तिकीट बदलता येण्यासारखं घ्या आणि अंदाजपत्रकात ‘थांबणं’ या नावाची स्वतंत्र ओळ ठेवा. आमचा दोन्ही फेऱ्यांचा एकूण खर्च प्रयोगशाळेचं काम सोडून अकरा हजार डॉलरांच्या घरात गेला. त्यातला जवळजवळ एक पंचमांश निव्वळ थांबण्यात गेला.

पण ते बारा दिवस माझ्या सगळ्यात जास्त कामी आले. आमच्याबरोबर दुभाषी म्हणून त्या बेटावरचीच एक तरुण शिक्षिका येणार होती. तिच्याबरोबर बसून मी आहाराची प्रश्नावली वाचली. पहिला प्रश्न होता, ‘तुम्ही आठवड्याला सरासरी किती नारळ खाता?’ ती गप्प बसली. मग म्हणाली, ‘कुठल्या आठवड्यात?’ मला कळेना. तिनं समजावलं. बोट आली की घरात तांदूळ, मैदा, साखर, डबाबंद मांस येतं. ते असेतो नारळ तोंडी लावण्यापुरता. बोट लांबली, तांदूळ संपला, की शहाळ्याचं पाणी, मलई, विलायती फणस, केवड्याचं फळ आणि मासे यांवरच घर चालतं. वर्षात असे आठवडे किती येतील ते बोटीवर अवलंबून. सरासरी काढायला गेलं तर ती कुठल्याच आठवड्याला लागू पडणार नाही.

मी प्रश्नावली फाडली. नवा पहिला प्रश्न झाला, ‘शेवटची बोट येऊन किती दिवस झाले?’ आणि मग, ‘तांदूळ संपल्यावर दिवसाला किती शहाळी लागतात?’

हा बदल किती महत्त्वाचा होता ते आकड्यांतून सांगते. मोठ्या माणसाच्या पोटात सीझियम-१३७ चा एक बेकरेल (सेकंदाला एक विघटन) गेला तर १३ नॅनोसीव्हर्ट मात्रा मिळते (सीव्हर्ट हे शरीराला बसणाऱ्या किरणांचं माप; हजार नॅनो म्हणजे एक मायक्रो, हजार मायक्रो म्हणजे एक मिलि), हे जगभर वापरलं जाणारं गुणोत्तर. समजा नारळात किलोमागे १०० बेकरेल आहेत. हा आकडा मी हिशोबासाठी धरतेय, तो त्या बेटाचा नाही. अर्धा किलो खाल्लं तर ५० बेकरेल, म्हणजे ६५० नॅनोसीव्हर्ट. निसर्गातून जगभरच्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. त्या हिशोबानं एवढी मात्रा आपल्याला बसल्याजागी अडीच तासांत मिळते. काहीच नाही. पण हेच वर्षभर रोज खाल्लं तर २३७ मायक्रोसीव्हर्ट होतात. मार्शल बेटांच्या अणुदावे न्यायाधिकरणानं दूषित जमिनीच्या स्वच्छतेसाठी धरलेली मर्यादा वर्षाला १५ मिलिरेम, म्हणजे १५० मायक्रोसीव्हर्ट. ती ओलांडली. नारळ तोच, माती तीच. फरक फक्त बोट येण्या-न येण्याचा. जपानमध्ये हा नारळ १०० बेकरेलच्या मर्यादेवर काठावर बसेल, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या १००० च्या मर्यादेत आरामात बसेल. म्हणून ‘सुरक्षित आहे का?’ या प्रश्नाला नुसता किलोमागचा आकडा सांगणारा माणूस अर्धंच उत्तर देत असतो. बिकिनीला १९७० च्या दशकात लोकांना परत नेलं तेव्हा ते स्थानिक नारळ किती खातील याचा अंदाजच कमी धरला गेला. त्यांच्या अंगातलं सीझियम वाढत गेलं आणि १९७८ मध्ये त्यांना पुन्हा बेट सोडावं लागलं.

बोटीवर दोन रात्री. तांदळाच्या गोण्यांवर पथारी. परतीला याच जागेत सुकं खोबरं भरतात. मला समुद्र लागतो, म्हणून आईनं पाठवलेला आलेपाक पुरवून पुरवून खाल्ला. समुद्र लागणाऱ्यांनी तो जरूर न्यावा.

२१ जूनला सकाळी लगूनमध्ये शिरलो. पहिल्या दिवशी काही खोदायचं नाही हे ठरलेलं होतं. चर्चच्या अंगणात बैठक झाली. बायकांनी तिथे गुडघ्याखाली येणारा झगा किंवा परकर घालावा, पँट बॅगेतच ठेवावी. मी घातलेल्या परकराबद्दल दोघी-तिघींनी कौतुकानं विचारलं. ‘इयाक्वे’ म्हणून नमस्कार झाला. आमच्या प्रमुख बाईंनी कशासाठी आलो ते सांगितलं, शिक्षिकेनं भाषांतर केलं. मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

शेवटी एक म्हातारी बोलली. तिला सगळे ‘बुबू’ म्हणत होते, म्हणजे आजी. मीही बुबूच म्हणायला लागले. ब्राव्होच्या वेळी ती सहा वर्षांची होती. ती म्हणाली, ‘तुमच्याआधीही माणसं आली. पिशव्या भरून नेल्या. तुमच्या पिशव्या कुठल्या रंगाच्या आहेत?’ मी पारदर्शक पिशवी दाखवली. ‘त्यांच्याही अशाच होत्या,’ ती म्हणाली. ‘पत्र आलं नाही.’

मी तिला सांगितलं की पत्र मी स्वतः घेऊन येईन. ते सांगताना समितीचा तो शेरा आठवला आणि मनात त्या अनोळखी सदस्याचे आभार मानले. बुबूनं उत्तर दिलं नाही. तिनं नातवाला हाक मारली, त्यानं शहाळं तासून आणलं आणि माझ्यासमोर धरलं.

मला ठाऊक होतं की हा क्षण येणार. आधी येऊन गेलेल्या एका संशोधकानं मला सांगितलं होतं, की तो स्वतःचं बाटलीबंद पाणी नेतो. मी वर लिहिलेला हिशोब बोटीवरच केला होता. तो केला नसता तरी नाकारू शकले नसते. ज्या घरी मी ‘तुमचा नारळ मोजायचाय’ म्हणून आले तिथे तोच नारळ नको म्हणणं म्हणजे मोजण्याआधीच निकाल देणं. प्यायले. खारट वाऱ्यातल्या शहाळ्याला जी गोडी असते तीच, घरच्यासारखी. मग शहाळ्याच्याच सालीची चमच्यासारखी ढलपी करून मलई खाल्ली. आमच्याकडेही तशीच खातात. बुबू ते बघत होती. दुसऱ्या दिवशी तिच्या वेटोत पहिला खड्डा काढायची परवानगी मिळाली.

खड्डा काढायची पद्धत अशी. ६० सेंटीमीटर खोल चर खणायचा, त्याची एक भिंत सरळ उभी ठेवायची आणि त्या भिंतीतून वरून खाली थर काढत जायचं. ०–५, ५–१०, १०–१५, १५–२५, २५–४०, ४०–६०. वरूनच सुरुवात करायची. खालून केली तर वरची माती ओघळून खालच्या थरात मिसळते, आणि सीझियम बहुतेक वरच असतं. दर थरानंतर थापी धुवायची, पुसायची. दोन पिशव्या, दोन्हींच्या मध्ये चिठ्ठी. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, जलरोधक कागदावर. मी पहिल्या दिवशी न पुसल्या जाणाऱ्या शाईच्या पेनावर विसंबले. घाम आणि खारी हवा लागून तीन पिशव्यांवरचं लिहिलेलं विरघळलं, आणि तो आख्खा खड्डा दुसऱ्या जागी पुन्हा काढावा लागला. अलापकडे जाऊन चूक सांगून दुसऱ्यांदा परवानगी मागितली. ती तासभर विचार करून मिळाली.

ती माती आपल्या मातीसारखी नाही. जांभा नाही, चिकणमाती नाही, गाळ नाही. निव्वळ प्रवाळाचा चुरा, चुन्याचा. हेच सगळ्याचं मूळ आहे. सीझियम आणि पोटॅशियम रसायनशास्त्राच्या दृष्टीनं भाऊ. चिकणमातीच्या जमिनीत सीझियम मातीच्या पापुद्र्यांत अडकून बसतं, मुळांना मिळत नाही. इथे अडकायला काही नाही आणि पोटॅशियमही फार कमी. नारळाला तर पोटॅशियम भरपूर लागतं. त्याच्या शोधात मुळं सीझियम उचलतात. उलट स्ट्रॉन्शियम-९०, राखेतलं दुसरं किरणोत्सारी द्रव्य, हा कॅल्शियमचा भाऊ. इथे कॅल्शियमची रेलचेल, म्हणून स्ट्रॉन्शियम झाडात फारसं चढत नाही. मासे खाऊ का, असं खूप जणांनी विचारलं. समुद्राच्या पाण्यात पोटॅशियम मुबलक असतं, त्यामुळे माशांत सीझियम कमी सापडतं. लोकांना वाटत होतं की बाँब समुद्रात फुटले, तर मासेच जास्त वाईट असणार. हे समजावायला पूर्ण एक संध्याकाळ लागली, आणि ती सार्थकी लागली. मोठे माडखेकडे मात्र जमिनीवर राहतात आणि नारळ खातात. त्यांच्यात ते साठतं.

यावर उपायही पोटॅशियमच. बिकिनीवरच्या दीर्घ प्रयोगांत दिसलं, की झाडाच्या बुंध्याशी पोटॅशियम क्लोराइड घातलं तर नारळातलं सीझियम पहिल्याच्या एक दशांशाच्या आसपास येतं, आणि झाडही सुधारतं. हे मी मजुरोहून बाबांना फोनवर मोठ्या उत्साहानं सांगितलं होतं. बाबा म्हणाले, ‘म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशच मा? ता माडाक आमी वर्साक दोनदा घालतंव.’ तेच. आमच्या वाडीत कोपऱ्यात पडलेली तांबूस खड्यांची गोण. बेटावर शिक्षिकेला त्या गोणीचा फोटो दाखवला तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, ‘ही बोटीवर चढते का?’ तिथे प्रत्येक गोष्ट शेवटी बोटीशी येऊन थांबते.

पाण्याचे नमुने सोपे वाटले होते, ते सगळ्यात कष्टाचे निघाले. लोक पितात ते छपरावरून टाकीत आलेलं पावसाचं पाणी. विहिरीचं पाणी धुण्या-अंघोळीला. दोन्हींत सीझियम इतकं थोडं, की मोजायला शेकडो लिटर लागतं. ते नेणार कसं? म्हणून पाणी तिथेच एका गाळणीतून सोडायचं. तिच्यावर प्रशियन ब्लू या निळ्या रंगद्रव्याच्या जातीचं द्रव्य असतं, ते सीझियम तेवढं धरून ठेवतं. मग गाळणीच न्यायची. पंप सौरबॅटरीवर. ढग आले की बंद. पण टाकी ही एका कुटुंबाच्या पिण्याच्या पाण्याची. पाऊस नसलेल्या आठवड्यात तिच्यातून दोनशे लिटर उपसणं मला जमेना. गाळलेलं पाणी पुन्हा त्याच टाकीत सोडायची जोडणी आमच्यातल्या एकानं रात्रीतून बसवली. तरी एका घरी नाही म्हणाले. त्यांची टाकी आम्ही सोडून दिली.

३ जुलैला बोट परत आली. एकूण ८४ नमुने. शहाळी अख्खी गोणीतून मजुरोला आणली, तिथे फोडून पाणी आणि मलई वेगवेगळी गोठवली. ओलं वजन तिथल्या तिथेच घ्या. नंतर सुकवल्यावर ते कळायला मार्ग नसतो, आणि लोक नारळ ओलाच खातात.

प्रयोगशाळेतले सहा महिने थोडक्यात. गोठवून सुकवणं, दळणं, ठरावीक आकाराच्या डबीत भरणं, पुन्हा वजन. मग डबी जर्मेनियमच्या डिटेक्टरवर. तो द्रव नायट्रोजननं उणे १९६ अंशांपर्यंत थंड ठेवावा लागतो. एकेक नमुना दिवसभर मोजायचा, मध्ये रिकामी डबी, मध्ये ज्याचं उत्तर माहीत आहे असा प्रमाणित नमुना. डिटेक्टर दोन, रांगेत इतरांचंही काम. आलेखावर ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला (हे किरणांच्या ऊर्जेचं एकक) सीझियमचं शिखर येतं आणि १४६१ ला पोटॅशियम-४० या निसर्गातल्याच किरणोत्सारी पोटॅशियमचं. ते प्रत्येक नारळात असतं, वेंगुर्ल्याच्याही. शिखराची उंची बघून निष्कर्ष काढायचा नाही. पोटॅशियम-४० च्या शंभर विघटनांतून जेमतेम अकरा गॅमा किरण निघतात आणि सीझियमच्या शंभरातून पंच्याऐंशी, त्यामुळे सीझियम डोळ्यांना मोठं दिसतं. बुबूच्या वेटोतलं पहिलं शहाळं मोजायला लावलं त्या रात्री मी घरी गेले नाही. शिखर हळूहळू वर येत होतं. ब्राव्होला ६९ वर्षं झाली होती. सीझियमचं अर्धायुष्य ३० वर्षांचं, म्हणजे तेव्हाच्या पाचव्या हिश्श्याएवढं अजून उरलेलं असणार, पावसानं खाली धुऊन नेलेलं सोडून. हा हिशोब मी विद्यार्थ्यांना कितीदा शिकवलाय. पण ज्या नातवानं ते शहाळं तासलं त्याचा हात आठवत आलेख बघणं वेगळं होतं. मला रडू आलं.

निष्कर्ष इथे लिहीत नाही. ते त्या त्या कुटुंबाचे आहेत. फक्त पान कसं केलं ते सांगते, कारण त्यावर आम्ही महिनाभर भांडलो. पहिल्या मसुद्यात बेकरेल, अनिश्चितता, शोधमर्यादा असं सगळं होतं. शिक्षिकेनं वाचून पाठवलं, ‘याचं मी काय करू?’ शेवटी पानावर वेटोचं रेखाचित्र आलं, खड्डा आणि झाडं दाखवलेलं. खाली दोन ओळी: तांदूळ घरात असताना रोज इतकी शहाळी खाल्ली तर मात्रा मर्यादेच्या किती खाली, आणि बोट दोन महिने आली नाही व सगळं अन्न वेटोतलंच असलं तर किती. मागच्या बाजूला आकडे, ज्याला हवे त्याला. न्यायाधिकरणाची मर्यादाही लिहिली, म्हणजे ‘सुरक्षित’ हा शब्द आमचा राहत नाही, कशाच्या तुलनेत ते दिसतं.

२०२४ च्या फेब्रुवारीअखेर पुन्हा मजुरो. १ मार्चला तिथे दरवर्षी अणुबळींच्या स्मरणाची सुट्टी असते. त्या वर्षी ब्राव्होला ७० वर्षं पूर्ण झाली. कार्यालयं बंद, म्हणून परिषदेचं पत्र ४ तारखेला हाती आलं. ही तारीख लक्षात ठेवा, त्या आठवड्यात कामं लावू नका. बोट या वेळी दोनच दिवस लांबली.

९ मार्चला बेटावर पोचलो. घरोघरी बसून पानं वाचून दाखवली. दोन घरी चहापाण्याआधी कुणी कागदाला हातही लावला नाही. एका तरुण बापानं फक्त दुसरी ओळ पुन्हा पुन्हा वाचायला लावली, बोट न येण्याची. त्याला दोन लहान मुलं आहेत. पोटॅशचं विचारलं. परिषदेकडे मागणी कशी करायची ते आम्ही त्याच्याबरोबर बसून लिहिलं.

बुबू शेवटी. तिला दिसत कमी असल्यामुळे शिक्षिकेनं पान सावकाश वाचलं. बुबूनं रेखाचित्रावर बोट ठेवून विचारलं, ‘हा माड कुठला?’ विहिरीजवळचा, मी म्हटलं. ‘आणि घरामागचा विलायती फणस?’ तो घेतला नव्हता. ती उठून आत गेली. पानात बांधलेला एक गोळा घेऊन आली. ब्विरो. विलायती फणस खारवून, मुरवून, पुरून ठेवतात, तो महिनोन्‌महिने टिकतो. तांदूळ संपला आणि फणसाचा मोसमही नसला की हेच खातात. आमच्या ८४ नमुन्यांत ब्विरो नव्हता. प्रश्नावलीतही नव्हता.

‘हा मोजला का?’ तिनं विचारलं.

नाही, म्हटलं. तिनं गोळ्याचे दोन भाग केले. एक मला खायला दिला. दुसरा माझ्याकडच्या पारदर्शक पिशवीत स्वतः घातला आणि चिठ्ठीवर पेन्सिलीनं आपल्या वेटोचं नाव लिहायला सांगितलं.

तो मजुरोत गोठवून ठेवला आहे. आमच्या परवान्यात मुरवलेलं अन्न नमूद नव्हतं, म्हणून तो होनोलुलूला आणता आला नाही. दुरुस्तीचा अर्ज १५ एप्रिलला केला. दहा आठवडे धरले आहेत. नमुना क्रमांक ८५.